उस्मानिया दवाखाना: घुमट पाहिला, नकाशा कोणी पाहिला?

उस्मानिया दवाखान्याचा विषय निघाला की हैदराबादेत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, शंभर वर्षांची जुनाट इमारत, पाडा एकदाची, गरिबाला धड खाट तरी मिळेल. दुसरा म्हणतो, शहराचं वैभव आहे, हात लावाल तर खबरदार. मी दुसऱ्या तटातला, हे आधीच सांगून टाकतो. पण या तटाची मांडणी मला कच्ची वाटते, म्हणून हे टिपण. वारसावाले गेली कित्येक वर्षं घुमटाबद्दल बोलत आलेत. ती इमारत दवाखाना म्हणून कशी बांधली होती, यावर फारसं कोणी बोलत नाही.

थोडा इतिहास सांगतो, बराचसा तुम्हाला माहीत असेलच. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला आणि अफझलगंजचा जुना दवाखाना त्यात गेला. त्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, ते झाड अजून आहे. (वारसा-सहलीत फोटो झाडाचा निघतो, मागच्या वॉर्डाचा नाही.) पुरानंतर शहर नव्याने आखलं गेलं. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मुसीवर धरण झालं, १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं, आणि कलकत्त्यात नाव कमावलेले वास्तुकार व्हिन्सेंट एश यांना निजाम सरकारने बोलावून घेतलं. नदीच्या एका काठावर हायकोर्ट आणि सिटी कॉलेज, समोरच्या काठावर दवाखाना. १९२५ च्या सुमारास तो पूर्ण झाला. घुमट, छत्र्या, कमानी तर सगळ्यांनाच दिसतात.

पण नकाशा बघा. लांबच लांब, अरुंद वॉर्ड. उंच छत, मोठ्या खिडक्या, बाहेरून व्हरांडा. पंखा, प्रतिजैविकं यांच्या आधीच्या काळात रोग पसरू नये म्हणून हवा खेळती ठेवणं हाच मोठा इलाज होता, आणि दवाखाना त्याच हिशेबाने बांधत. एका बाजूने वारा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. व्हरांड्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. म्हणजे भिंतीसुद्धा औषधाचंच काम करत होत्या. माझ्या मते या इमारतीचा खरा वारसा हा आहे. घुमट हे वरचं शिरपेच.

आपल्या मराठी वाचकाला यात काय, असं कोणी विचारेल. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हैदराबादच होती. तिकडच्या माणसाला कोर्टाची पायरी चढायची तर ती इथली, आणि मोठा दवाखाना म्हणजे हाच. नांदेड-देगलूरकडची माणसं आजही उपचाराला हैदराबाद गाठतात. तेव्हा हा विषय फक्त तेलंगणवाल्यांचा नाही.

आता टीकेचा भाग. २०१५ मध्ये सरकारने इमारत पाडून तिथे मनोरे उभारायचं जाहीर केलं. इंटॅकच्या अभियंत्यांनी पाहणी करून सांगितलं की सांगाडा ठीक आहे, हयगय झालीय ती देखभालीत. हे पटण्यासारखं आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. छताच्या सांध्यात पिंपळ उगवला आणि वेळेवर काढला नाही, तर चार-पाच पावसाळ्यांत मुळं दगड हलवतात. यात इमारतीचा दोष काय? जुलै २०२० मध्ये वॉर्डात गटाराचं पाणी शिरलं, खाटांखाली पाणी वाहताना सगळ्या देशाने पाहिलं, आणि जुनी इमारत रिकामी केली गेली. रुग्ण आवारातल्या नंतरच्या इमारतींत कोंबले. ते पाणी आलं कुठून? नाला आणि ड्रेनेज तुंबून. घुमटातून नव्हे.

मात्र पाडू नका म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डात बसत नाही. एवढ्या उंच छताच्या खोलीत वातानुकूलन परवडत नाही. ऑक्सिजनच्या नळ्या, जाड वायरी, स्ट्रेचरची लिफ्ट, स्वच्छ आणि अस्वच्छ सामानाचे वेगळे रस्ते हे सगळं चुन्याच्या भिंतीत खोदून घालायचं म्हणजे भिंतीचाच जीव घ्यायचा. सगळं होतं तसं परत करा, ही मागणी रुग्णाच्या बाजूची नाही.

म्हणून नवीन दवाखाना दुसऱ्या जागी बांधायचा निर्णय मला मुळात बरोबर वाटतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहलच्या पोलीस स्टेडियमवर पायाभरणी झाली; सुमारे २६ एकर जागा, २,००० खाटा. जागा जवळ आहे, त्यामुळे बस बदलून बदलून येणाऱ्या रुग्णाचे हाल वाढणार नाहीत. तरी दोन शंका आहेत. स्थानिकांनी मोकळं मैदान जातंय म्हणून विरोध केला, तो निव्वळ आडमुठेपणा नाही. दाट वस्तीत तेवढंच एक मैदान. आणि त्याच गोशामहलमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये नाल्यावरचा रस्ता बाजारच्या दिवशी खचला होता. पाण्यामुळे जो दवाखाना बंद पडला, त्याची नवी जागा ठरवताना चर्चा व्हायला हवी होती ती नाल्याची. झाली ती खाटांच्या आकड्यांची.

सगळ्यात मोठी त्रुटी वेगळीच आहे. नव्या दवाखान्याच्या आराखड्यात जुन्या इमारतीला काही कामच नाही. पणजीत काय झालं आठवा. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारं गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेलं आणि कांपालची जुनी वास्तू २००४ मध्ये चित्रपट महोत्सवासाठी सजली. इमारत वाचली, देखणी राहिली, हे चांगलंच झालं. पण आज तिथे शिरणाऱ्याला इथे कधी रुग्ण होते हे कळायला पाटी शोधावी लागते. उस्मानियाचं संग्रहालय करा, असं सुचवणारे आहेत. मला ते नको वाटतं.

त्या लांब, हवेशीर वॉर्डात चालू शकतील अशी वैद्यकीय कामं भरपूर आहेत. बाह्यरुग्ण तपासणी, लसीकरण, फिजिओथेरपी, नर्सिंगचे वर्ग, जुन्या नोंदींचं दप्तर, आणि बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी रात्रीचा निवारा. यातल्या कशालाच अतिदक्षतेची यंत्रणा लागत नाही, खेळती हवा लागते आणि ती तिथे आहे. कोठीचं उस्मानिया मेडिकल कॉलेजही हाकेच्या अंतरावर आहे. आधी नवं बांधा, मग जुन्याची चुन्यानेच दुरुस्ती करा, आणि ही कामं तिकडे न्या. हा क्रम कागदावर आधीच लिहिलेला हवा, नाहीतर नवं उघडल्यावर जुन्याकडे बघायला पैसा उरत नाही.

गोशामहलचं बांधकाम पुरं होईपर्यंत अजून पावसाळे जातील. त्या आधी जुन्या छतावरची झाडं काढणं, पन्हाळी मोकळ्या करणं आणि प्रत्येक वॉर्डाचा मोजमापासह नकाशा काढून ठेवणं, एवढं तरी करता येईल. त्याला काही नव्या मनोऱ्यांचा खर्च लागत नाही.