डहाणू-तलासरीतील दोन ग्रंथ आणि संगोपनाचा प्रश्न

डहाणू-तलासरी परिसराच्या वाङ्मयीन नोंदीत गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) आणि अनुताई वाघ यांचा 'कोसबाडच्या टेकडीवरून' या ग्रंथांचे स्थान महत्त्वाचे आहे. पहिला ग्रंथ चळवळीचा इतिहास म्हणून, तर दुसरा शैक्षणिक प्रयोगाचे कथन म्हणून वाचला जातो. आईबापाविना राहिलेल्या मुलाला आजी सांभाळते तेव्हा त्या श्रमाची दखल कोण घेतो, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांचे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परुळेकरांनी लग्नगड्याच्या प्रथेचे भेदक दर्शन घडविले आहे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली पत्नीसह जमीनदाराकडे राबत असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठीला नकार दिला आणि श्रमाला दाम मिळाला पाहिजे हे तत्त्व रुजले. मात्र हे तत्त्व शेतात व जंगलात केलेल्या श्रमापुरते राहिले. घरातील संगोपन या हिशेबाबाहेरच राहिले.

ताराबाई मोडक व अनुताई यांनी १९४५ साली बोर्डीत आरंभिलेले कार्य १९५७ मध्ये कोसबाडला आले. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठे मूल घरी राहते हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. संगोपनाचा भार शाळेने उचलण्याचा हा प्रयोग मूलगामी होता. तरीही सायंकाळी मूल परतेल तेथे त्याला सांभाळणारे कर्ते माणूस असेल, हे त्यात गृहीत होते. त्या घरात एकटी वृद्ध आजी असेल, तर हे गृहीतच कोसळते.

आजचे शासकीय धोरणही याच मर्यादेत अडकले आहे. बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये झाले. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना स्वतंत्रपणे आहे. एकच चूल असलेले नातवंड व आजी येथे दोन निराळे लाभार्थी ठरतात. मुलापायी आजीचा बुडणारा रोज, तिचे आजारपण आणि तिच्या पश्चात मुलाचे भवितव्य यांना कोणत्याच रकान्यात जागा नाही.

आदिवासी समाजात नात्यागोत्याची वीण घट्ट असल्याने मूल अनाथ होतच नाही, असे कौतुकाने म्हटले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. नाते आसरा देते. धान्य, औषध व वह्या-पुस्तके देऊ शकतेच असे नाही. डहाणू शहरातील झोपडीत किंवा तलासरीच्या पाड्यावर हा फरक सारखाच जाचतो.

सारांश, एका ग्रंथाने श्रमाला दाम मागितला, दुसऱ्याने मुलाला शाळा दिली. या दोहोंना जोडणारी आजी हा धोरणाचा व समीक्षेचा विषय झाल्याशिवाय हे दोन्ही वारसे अपुरेच राहतील.