हासोक चँग यांचं 'इन्व्हेंटिंग टेम्परेचर': एक हरकत

मंडळी, हे पुस्तक 2004 चं आणि आम्हांला फार आवडतं. तरी आज थोडं भांडणार आहोत.

पाऱ्याचा थर्मामीटर 357 अंश सेल्सिअसला संपतो, पाराच उकळायला लागतो. आपल्या पार्ल्याच्या बाजारात सोनार चांदी आटवतो ती 962 ला. मधलं अंतर कशाने मोजायचं? इंग्लंडमधल्या वेजवुड या कुंभाराने 1782 मध्ये मातीचे तुकडे घेतले. भट्टीत माती जितकी आक्रसेल तितकी आच जास्त. त्याच्या हिशेबाने चांदी 4717 अंश फॅरनहाइटला वितळायची! आजचा आकडा 1763.

पण चूक दाखवणाऱ्यांकडे तरी खरं तापमान कुठे होतं? कोणी प्लॅटिनमचं प्रसरण मोजलं, कोणी तापलेला धातू पाण्यात टाकून पाणी किती तापतं ते पाहिलं. सगळ्यांचीच काही ना काही गृहीतकं. मात्र त्यांचे आकडे एकमेकांजवळ आले, वेजवुड एकटा पडला. चँग यांचा हा भाग अप्रतिम आहे.

आमची हरकत पुढे आहे. पुस्तकात तापमान हे नायक आणि धातूचे गुण त्याचे गडी. ज्याला धातूचेच गुण मोजायचेत त्याने काय करावं? लोखंड बघा. 770 अंश सेल्सिअसजवळ त्याची विशिष्ट उष्णता नेहमीच्या दुपटीवर जाते. ती स्थिर धरली की पाण्यात टाकलेलं लोखंड तापमान फुगवून सांगणार.

1961 मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी युक्ती काढली. धातूच्या चकतीला एका बाजूने प्रकाशाचा झटका द्यायचा. मागची बाजू शेवटी जितकी तापणार त्याच्या निम्मी तापायला किती वेळ लागतो तेवढं बघायचं. ती किती अंश तापली याची गरजच नाही, चकतीची जाडी आणि घड्याळ पुरे. सुटलो म्हणायचं? छे. हाती येते ती उष्णता पसरण्याची त्वरा. वाहकता हवी तर तिला घनतेने आणि विशिष्ट उष्णतेने गुणा. म्हणजे बाई मागच्या दाराने पुन्हा घरात!

ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र इथून फार लांब नाही. अणुभट्टीतलं इंधन आतून किती तापेल, हे वाहकतेच्या आकड्यावरही ठरतं. तिथे 'रीती जुळल्या' एवढ्यावर आपण झोपायचं का? जुळणाऱ्या साऱ्या रीतींखाली एकच चुकीचं गृहीतक असलं तर? चँग म्हणतात, फेऱ्यांगणिक सुधारणा होते. होते, पण कोणती फेरी पुरेशी, हे त्यांच्या उत्तरातून आम्हांला मिळत नाही.

तिसरं प्रकरण आधी वाचा, ते सुटंही वाचता येतं.