खर्चिक बायको

'अमेडिअस' हा सिनेमा १९८४ साली आला. दिग्दर्शक मिलोश फोरमन, मूळ नाटक पीटर शॅफरचं. आठ ऑस्कर मिळालेला सिनेमा, त्यामुळे चांगला आहे हे मी वेगळं सांगायला नको. त्यातलं संगीत तर असं, की परदेशी सुरांशी काही देणंघेणं नसलेल्या माणसानेही शेवटपर्यंत बसून राहावं. पण त्यात मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ जशी दाखवली आहे ती मला दर वेळी खटकते. खिदळणारी, नवऱ्याच्या बरोबरीने पोरकट. सासरा लिओपोल्ड पहिल्यांदा घरी येतो तेव्हा घरभर पसारा. तो इकडेतिकडे बघतो, पैशांचं विचारतो, आणि प्रेक्षकाला कळायचं ते कळतं : अलौकिक मुलगा, ढिसाळ सून.

आमच्या बेळगावातल्या बायकांच्या वाचन मंडळात यावर एकदा बोलणं निघालं होतं. एक मैत्रीण पटकन म्हणाली, "बाई गं, घर सांभाळता आलं असतं तर तो इतका कर्जबाजारी कशाला झाला असता?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. गंमत म्हणजे माना डोलावणाऱ्या सगळ्याच जणी घर चालवणाऱ्या. महिन्याच्या वीस तारखेला डबे कसे वाजतात ते जाणणाऱ्या. तरीही दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या घरातल्या सुनेवर आपण किती लवकर विश्वास ठेवेनाशा होतो!

म्हणून मी तो सासऱ्याच्या भेटीचा प्रसंगच धरते. कारण ही भेट खरोखर झाली होती, आणि तिची हकीकत खुद्द सासऱ्याने लिहून ठेवली आहे. फेब्रुवारी १७८५ मध्ये लिओपोल्ड साल्झबर्गहून व्हिएन्नाला मुलाकडे आला आणि दहा आठवडे राहिला. त्या मुक्कामात त्याने मुलीला, म्हणजे नॅनर्लला, एकामागून एक पत्रं धाडली. आल्या दिवशीच मुलाचा नवा पियानो कॉन्चेर्टो ऐकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बैठक झाली. तिथे हायडन स्वतः होता आणि त्याने लिओपोल्डला सांगितलं की तुमच्या मुलासारखा संगीतकार दुसरा नाही. बापाच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते. आणि याच पत्रांत, मार्चमध्ये, तो असंही लिहितो की इथे खाण्यापिण्याचा घरखर्च अगदी काटकसरीने चालतो, आणि देणं नसेल तर मुलाला आता दोन हजार गुल्डेन सहज बाजूला टाकता येतील.

हे लिहिणारा लिओपोल्ड आहे हे लक्षात घ्या. या लग्नाला त्याचा विरोध होता. लग्न ४ ऑगस्ट १७८२ ला सेंट स्टीफनच्या चर्चमध्ये झालं आणि त्याचा होकार पोचला दुसऱ्या दिवशी. असा सासरा सुनेच्या स्वयंपाकघराला काटकसरी म्हणतो, म्हणजे ते प्रमाणपत्र साधं नव्हे. सिनेमावाल्यांना पत्र माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण काटकसरी सून पडद्यावर काय शोभणार? पसारा दिसतो, काटकसर दिसत नाही.

मग पैसा गेला कुठे? साल्झबर्गच्या नोकरीत मोझार्टला वर्षाला ४५० गुल्डेन मिळत. व्हिएन्नात १७८४ ते १७८७ या काळात डोमगासेतल्या ज्या घरात ही मंडळी राहिली, त्याचं नुसतं भाडं वर्षाला ४६० होतं. जुना अख्खा पगार एका भाड्यात. वर घोडा, बिलियर्डचं टेबल, उंची कपडे, स्वतःचा पियानो. बैठका घ्यायच्या, सरदारांच्या लेकींना शिकवायचं, तर तसं राहावं लागतं, हे मान्य. पण हे खर्च बाईने केलेले नव्हेत. १७८४ मध्ये त्याने हिशेबाची वहीही घातली होती. तिच्यात त्याने चौतीस क्रॉइत्सरला घेतलेल्या एका मैनेची नोंद आहे, आणि खाली त्या पाखराच्या शिळेचे सूर लिहून ठेवलेले! माणूस मोठा लोभस. पण ज्या वहीत हिशेबाच्या जागी सूर उतरतात, तिची वर्षअखेरची बेरीज काय येणार हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

पुढे काळही फिरला. १७८८ मध्ये ऑस्ट्रिया तुर्कांशी युद्धात उतरला, सरदार मंडळींनी हात आखडले, मैफली ओसरल्या. दरबाराची नोकरी मिळाली होती, पण पगार ८०० गुल्डेन. मग मिखाएल पुखबर्ग या व्यापारी मित्राला एकामागून एक पत्रं, प्रत्येकात उसनवार. ती पत्रं वाचवत नाहीत. शिवाय प्रिन्स लिखनोव्स्कीने कर्जवसुलीसाठी दावा लावून नोव्हेंबर १७९१ मध्ये त्याच्याविरुद्ध १४३५ गुल्डेनचा निकाल मिळवला होता, ही नोंद तर अगदी अलीकडे, १९९१ साली हाती लागली. म्हणजे दोनशे वर्षं लोक बायकोच्या स्पाच्या खर्चाकडे बोट दाखवत होते आणि इकडे एवढी मोठी रक्कम कागदांच्या ढिगाखाली पडून होती.

त्या स्पाबद्दलही बोलू. बाडेन हे व्हिएन्नाजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १७८९ पासून कॉन्स्टान्झ तिथे उपचाराला जायची. चरित्रकारांनी याची चैनीत गणना केली. आता नुसत्या तारखा मांडते. पहिलं बाळंतपण जून १७८३. दुसरं सप्टेंबर १७८४. तिसरं ऑक्टोबर १७८६. चौथं डिसेंबर १७८७. पाचवं नोव्हेंबर १७८९. सहावं जुलै १७९१. आठ वर्षांत सहा. त्यांतली दोनच मुलं जगली. पहिला रायमुंड दोन महिन्यांचा असताना गेला. त्याला दाईकडे ठेवून दोघं साल्झबर्गला सासऱ्याची भेट घ्यायला गेली होती, रुसवा काढायला, आणि पोर मागे वारलं. चौथी मुलगी तेरेझिया सहा महिन्यांची होऊन जून १७८८ च्या अखेरीस गेली. त्याच उन्हाळ्यात मोझार्टने शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या, आणि त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. त्याच उन्हाळ्यात त्या घरातली आई काय करत होती यावर मला एक पानही मिळालं नाही. पाचवी मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली. त्याआधी कॉन्स्टान्झचा पाय इतका बिघडला होता की ती अंथरुणाला खिळून होती. अशा बाईला डॉक्टरने गरम पाण्याच्या झऱ्याला पाठवलं तर ती चैन?

तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकावी म्हटलं, तर सोय नाही. त्याने तिला लिहिलेली पत्रं तिने जपली, म्हणून आपल्याला मिळतात. तिने त्याला लिहिलेली राहिली नाहीत. लिओपोल्ड आणि नॅनर्ल यांच्या घरी मात्र कागद नीट राखला गेला. ज्या घरात पत्रं राखली जातात, त्या घराची बाजू इतिहासात टिकते. आपल्याकडेही सासरची वंशावळ सात पिढ्यांची सापडते, आणि पणजीचं माहेरचं नाव विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

मोझार्टच्या पत्रातून ती थोडी दिसते. डिसेंबर १७८१ मध्ये तो बापाला समजावतो की ती काही सुंदर म्हणावी अशी नाही, डोळे मात्र काळेभोर. कपडे बहुतेक स्वतःच शिवते, केस स्वतः विंचरते, घर चालवायची अक्कल तिला आहे. याच महिन्यातल्या दुसऱ्या पत्रात करारनाम्याची गोष्ट आहे. मुलीच्या पालकाने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं की तीन वर्षांत लग्न करीन, नाहीतर वर्षाला तीनशे गुल्डेन देईन. पालक गेल्यावर कॉन्स्टान्झने आईकडून तो कागद मागून घेतला आणि फाडून टाकला. तुमचा शब्द मला पुरे, म्हणाली. लोभी मुलगी तो कागद पेटीत ठेवील की फाडील? आणि संगीताचं कळत नव्हतं म्हणावं, तर बाख आणि हेंडेलच्या फ्यूग तिला इतक्या आवडायच्या की तशी एक लिही म्हणून तिने त्याच्या मागे लकडा लावला. हे त्याने स्वतः बहिणीला कळवलं आहे.

लिओपोल्डला मात्र मी खलनायक करणार नाही. त्याने मुलासाठी स्वतःचं संगीत बाजूला ठेवलं, १७६३ पासून साडेतीन वर्षं दोन्ही लेकरांना घेऊन युरोपभर फिरला. नंतर नोकरी सोडता येईना तेव्हा बायकोला मुलाबरोबर पॅरिसला धाडलं. ती बिचारी अंधाऱ्या खोलीत एकटी, भाषा येत नाही, मुलगा दिवसभर बाहेर. ३ जुलै १७७८ ला ती तिथेच गेली. त्या रात्री बावीस वर्षांच्या मुलाने बापाला लिहिलं की आई फार आजारी आहे. खरी बातमी त्याने एका स्नेह्याला कळवली आणि बापाच्या मनाची तयारी करायला सांगितलं. पुढे पत्रांतून ठपका यायचा तो आलाच. मला वाटतं, या घरातली खरी भेग इथली आहे. सून यायच्या चार वर्षं आधीची. सुनेच्या पायगुणावर ती मागाहून ढकलली गेली.

पण एका गोष्टीसाठी मी त्याला माफ करत नाही. १७८६ च्या नोव्हेंबरात मुलगा विचारतो, आम्हाला इंग्लंडचा दौरा करायचा आहे, मुलांना तुमच्याकडे ठेवाल का? आजोबा साफ नाही म्हणतात. तेव्हा त्याच घरात नॅनर्लचा मुलगा, पहिला वाढदिवस झालेला, याच आजोबांच्या मांडीवर वाढत होता. लेकीचं नातवंड जवळ, लेकाचं लांब. कारणं काहीही असोत.

नॅनर्लचं दुःख वेगळं. लहानपणी दरबारांतून भावाच्या बरोबरीने ती वाजवायची. १७६९ मध्ये बाप मुलाला घेऊन इटलीला निघाला आणि अठरा वर्षांची मुलगी आईजवळ घरी राहिली. तिथून पुढे शिकवण्या. १७८४ मध्ये लग्न झालं ते पाच मुलांच्या विधुराशी, सांक्ट गिल्गेन नावाच्या तळ्याकाठच्या खेड्यात. भावाच्या मृत्यूनंतर चरित्रासाठी तिच्याकडून माहिती मागवली गेली. त्यातून जे पहिलं मोठं मृत्युलेखवजा चरित्र १७९३ मध्ये छापून आलं, त्यात भावजय घराण्याला न शोभणारी आणि तिच्यामुळे घराची घडी विस्कटली, असा सूर उमटला. ग्रात्सला ते पुन्हा छापलं गेलं तेव्हा कॉन्स्टान्झने प्रती विकत घेऊन टाकल्या. नणंद-भावजयीचं भांडण छापखान्यापर्यंत गेलेलं असं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही. तरी नॅनर्लचा राग मला येत नाही. जिचं वाजवणं घराने मध्येच थांबवलं, तिला कुणाच्या तरी संसारात चूक दिसणं भाग होतं.

५ डिसेंबर १७९१ ला मोझार्ट गेला. बायको एकोणतीस वर्षांची, मोठा सात वर्षांचा, धाकटा चार महिन्यांचा. रोकड साठ गुल्डेन. इथून पुढची कॉन्स्टान्झ सिनेमात नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तिने सम्राटाकडे अर्ज केला आणि वर्षाला २६६ गुल्डेनचं पेन्शन मिळवलं. नवऱ्याच्या रचनांच्या मैफली भरवल्या, बहीण आलोयझियाला घेऊन जर्मन शहरांचा दौरा केला, कर्ज फेडलं. उरलेलं हस्तलिखितांचं बाड पानापानाने न विकता जपलं आणि बरंचसं एकगठ्ठा १७९९-१८०० च्या सुमाराला ओफेनबाखच्या आन्द्रे या प्रकाशकाला ३१५० गुल्डेनला दिलं. एकगठ्ठा दिलं, म्हणून ते एकत्र राहिलं.

ती संत नव्हती. अर्धवट राहिलेलं 'रेक्विएम' तिने झ्यूसमायरकडून पुरं करून घेतलं आणि सगळं नवऱ्याचंच म्हणून काउंट वाल्झेगच्या हवाली केलं. हे खरं नव्हतं, आणि पदरात दोन पोरं आहेत म्हणून खोटं खरं होत नाही. पत्रांमधली न आवडलेली नावंही खोडली गेली, ती तिने किंवा तिच्या दुसऱ्या नवऱ्याने. हा दुसरा नवरा निस्सेन, डॅनिश वकिलातीतला गृहस्थ. १८०९ मध्ये लग्न झालं आणि त्याने उरलेलं आयुष्य पहिल्या नवऱ्याचं चरित्र लिहिण्यात घालवलं. तो १८२६ मध्ये वारला. १८२८ मध्ये तिने ते छापून आणलं. कुठल्या कथेत असा नवरा लिहिला तर संपादक परत पाठवतील!

मुलांपैकी कार्ल मिलानमध्ये सरकारी नोकरीत राहिला. धाकटा फ्रान्झ संगीतकार झाला, बापाच्या नावाखाली दबून. दोघांनीही लग्न केलं नाही, तिथे वंश संपला.

कॉन्स्टान्झने म्हातारपण साल्झबर्गला काढलं, नॅनर्लच्याच गावात. नॅनर्ल १८२९ मध्ये गेली, कॉन्स्टान्झ ६ मार्च १८४२ ला, ऐंशी वर्षांची होऊन. गावात मोझार्टचा पुतळा उभा राहिला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. नॅनर्लची कबर सेंट पीटरच्या आवारात आहे. भावजयीची सेंट सेबास्टियनच्या, लिओपोल्डचं नाव जिथे आहे तिथे.