महिकावतीची बखर : यादीत कोण, बाहेर कोण?

मित्रांनो, कुठलंही साधन हाती आलं की आधी विचारा: हे कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं? ‘महिकावतीची बखर’ घ्या. महिकावती म्हणजे माहीम. मुंबई तेव्हा खाड्यांनी वेगळी केलेली बेटं होती. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली ही बखर छापली. तिच्यातली प्रकरणं वेगवेगळ्या काळांतली आहेत हे त्यांनी दाखवलं, हे मोठंच काम.

जुना भाग केशवाचार्यांचा, १४४८चा. बखर सांगते, बिंब राजासोबत ६६ कुळं आली. राजवाडे हे आगमन ११३८च्या सुमाराचं मानतात. म्हणजे मध्ये तीनशे वर्षं! मग ही यादी बाराव्या शतकातल्या वस्तीचा पुरावा, की पंधराव्या शतकातल्या मानपानाचा? मला दुसरं जास्त पटतं.

शिवाय यादी आलेल्यांची आहे, आधीपासून तिथे राहणाऱ्यांची नाही. विज्ञानात आपण याला नमुना निवडीतला दोष म्हणतो.

आमच्या धडगावच्या पाड्यांवर वंशावळ कागदावर कमी, म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त असते. म्हणून सांगतो, कागद गप्प असला तर ‘इथे कोणी नव्हतं’ असं प्रबंधात लिहू नका.