मानवतावादी मानसशास्त्राचें बळ व मर्यादा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील मानसशास्त्रावर दोन पंथांचें वर्चस्व होतें. फ्रॉइडच्या अनुयायांस मनुष्य हा दडपलेल्या वासनांच्या हातचें बाहुलें वाटे. वर्तनवाद्यांस तो बक्षीस व शिक्षा यांनीं हवा तसा वळवितां येणारा प्राणी वाटे. या दोहोंविरुद्ध जो तिसरा पक्ष उभा राहिला, त्यांत अब्राहम मॅस्लो यांच्याबरोबर कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांचें नांव घेतलें पाहिजे. त्यांचा ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ हा १९६१ सालचा निबंधसंग्रह आजहि आवडीनें वाचला जातो. या पक्षाचें खरें बळ कशांत आहे आणि तें कोठें अपुरें पडतें, हें रॉजर्स यांच्या कार्यावरून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

रॉजर्स यांची भूमिका थोडक्यांत अशी : प्रत्येक जिवांत वाढीची स्वाभाविक ओढ असते. लहानपणीं घरच्या तळघरांत ठेवलेल्या बटाट्यांना दूरच्या झरोक्याकडे झेपावणारे फिकट कोंब फुटलेले त्यांनीं पाहिले होते. तो दृष्टांत ते पुढें देत असत. दुःखी मनुष्यासहि उपदेशापेक्षां अनुकूल वातावरण हवें असतें. साह्यकर्त्याच्या ठायीं अंतर्बाह्य खरेपणा, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार आणि त्याच्याच दृष्टीनें त्याचें जग पाहण्याची सहानुभूति असावी. अशा संबंधांत इष्ट तो पालट होतोच. या अटी आवश्यक तर आहेतच, पण पुरेशाहि आहेत, असें त्यांनीं १९५७ सालच्या एका निबंधांत प्रतिपादिलें.

या भूमिकेचा पहिला गुण म्हणजे तिनें दुःखिताला दिलेला मान. रॉजर्स यांनीं ‘रोगी’ हा शब्द टाकून ‘अशील’ या अर्थाचा शब्द स्वीकारला. हा निव्वळ शब्दच्छल नव्हता. आपल्या जीविताविषयींचा निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा, हें तत्त्व त्यांत होतें. दुसरा गुण आमच्या मतें याहून मोठा आहे, व तो पुष्कळदां दृष्टिआड होतो. भेटींतील संभाषण यंत्रावर मुद्रित करून, १९४२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं एका अशिलाच्या आठहि बैठका शब्दशः छापल्या. तोंवर उपचारकाच्या खोलींत काय घडलें, हें बहुधा त्याच्याच सांगण्यावरून मानावें लागे. रॉजर्स यांनीं त्या खोलीचें दार उघडलें आणि स्वतःच्या कामाची परीक्षा दुसऱ्यांच्या हातीं दिली.

त्याच दारानें टीकाहि आंत आली. १९६६ सालीं चार्ल्स ट्रूॲक्स यांनीं रॉजर्स यांच्याच एका यशस्वी प्रकरणाचीं ध्वनिमुद्रणें तपासलीं. रॉजर्स यांची आपुलकी सर्व उद्गारांना सारखी मिळत नव्हती, असें त्यांना आढळलें. कांहीं तऱ्हेच्या बोलण्याला ती अधिक मिळे, आणि तसलें बोलणें बहुधा वाढत जाई. म्हणजे ज्या वर्तनवाद्यांशीं त्यांचा वाद, त्यांचेंच बक्षीस नकळत त्यांच्या हातून दिलें जात होतें. विस्कॉन्सिन येथें छिन्नमनस्कतेच्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९६७ सालीं निघाला. त्यांतहि उपचार मिळालेले रोगी एकंदरींत इतरांहून फारसे पुढें गेलेले दिसले नाहींत.

तात्त्विक आक्षेप याहून खोल जातो. १९५७ सालीं ॲन आर्बर येथें झालेल्या संवादांत मार्टिन बूबर यांनीं सुचविलें कीं, मनुष्यास आहे तसा स्वीकारणें पुरत नाहीं; कधीं कधीं त्याच्याच हितासाठीं त्याच्याविरुद्ध त्याला साह्य करावें लागतें. पुढें १९८२ सालीं याच पक्षांतील रोलो मे यांनीं, दुष्टपणाचें खापर केवळ संस्कृतीच्या माथीं मारतां येणार नाहीं, असें रॉजर्स यांना जाहीर पत्रानें बजावलें.

हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. खोटें बोललेल्या मुलाला प्रेमास मुकण्याची धास्ती घालणें ही एक चूक. त्याच्या खोटेपणाला मूकसंमति देणें ही दुसरी. पहिली चूक रॉजर्स यांनीं जितक्या स्पष्टपणें दाखविली, तितकी दुसरी दाखविली नाहीं. त्यांच्या सिद्धांतांतील ‘आवश्यक’ हा शब्द बहुतांशीं टिकेल; ‘पुरेसा’ हा टिकणार नाहीं. परंतु आपला सिद्धांत खोटा ठरविण्याचें साधन जो स्वतः टीकाकारांच्या हातीं देतो, त्याचा ग्रंथ मतभेद राखूनहि वाचावा, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.