शिपायाच्या कुटुंबाची पत्रे : लेखणी, वाणी आणि कर्तृत्व

मराठी पत्रवाङ्मयाचा विचार करू लागले की, ज्यांची पत्रे छापून निघाली त्यांच्याकडेच अभ्यासकाची दृष्टी प्रथम वळते. स्त्रियांपुरते बोलावयाचे तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी त्यांनी संपादन केली आणि १८८७ मध्ये त्या निवर्तल्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र सिद्ध केले ते त्यांच्या पत्रांच्या आधारे. या पत्रांच्या बाबतीत मनोगत जिचे, लेखणी तिची आणि स्वाक्षरीही तिचीच. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाविषयी कोणास शंका येत नाही.

परंतु ही एकरूपता हा पत्राचा नियम नसून एक भाग्यशाली अपवाद आहे, असे म्हणण्याचा प्रसंग लवकरच येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फौजेत गेलेल्या शिपायाची तरुण पत्नी घरी राहून त्याच्याशी जो पत्रव्यवहार करी, त्याला कोणते स्थान द्यावयाचे? तिचे पत्र सामान्यतः दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने तपासले आणि चौथ्याने मोठ्याने वाचून दाखविले. अशा पत्राला ‘तिचे’ म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते ते तिचेच म्हटले पाहिजे. मात्र तसे म्हणण्यापूर्वी वाचनाची पद्धत बदलली पाहिजे.

प्रथम परिस्थिती लक्षात घेऊ. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. मराठी पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियातील मोहिमेत होता. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे ही डिव्हिजन वेढ्यात सापडली आणि शेवटी लढवय्ये व अनुचर मिळून सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. या शिपायांची घरे प्रामुख्याने कोकणात व देशावर होती. खानदेश हा काही भरतीचा मुख्य प्रदेश नव्हे. तरीही या प्रश्नाचा विचार खानदेशातून करणे का सोयीचे आहे, ते पुढे दिसेल.

१९११ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात हजार स्त्रियांमागे सुमारे दहाच साक्षर होत्या. तेव्हा शिपायाच्या पत्नीने स्वहस्ते पत्र लिहिणे ही विरळाच घडणारी गोष्ट होय. दुसरीकडे, टपालखात्याने पत्र अत्यंत स्वस्त करून ठेवले होते. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, १८८० पासून टपालातून मनीऑर्डर जाऊ लागली. महिना अकरा रुपये पगाराच्या शिपायाला आणि त्याच्या घरच्यांना ही दोन साधने परवडणारी होती. लिहिता न येणाऱ्या समाजाच्या हाती पत्र आले, ते असे. मात्र कार्ड उघडे असते. ते पोस्टमन वाचतो, शाळामास्तर वाचतो, सासरा वाचवून घेतो. एकांताचे जे आवरण पत्राला आपण गृहीत धरतो, ते या पत्रव्यवहाराला मुळातच नव्हते.

येथे भाषेच्या एका विशेषाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. त्या काळच्या रूढीप्रमाणे शिपायाचे पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येई. ‘तीर्थरूप’ने आरंभ होई, वडील माणसांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मग कोठेतरी ‘घरची मंडळी’ किंवा ‘कुटुंब’ यांची खुशाली विचारलेली असे. ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ या शब्दांचा एक अर्थ सर्व घर असा आहे आणि दुसरा अर्थ पत्नी असा आहे. या द्व्यर्थाचा आडोसा घेऊनच पती सर्वांदेखत पत्नीची विचारपूस करू शके. उलट दिशेने पत्नी पतीचे नाव घेत नसे. मुलाचे वडील म्हणून किंवा नुसत्या सर्वनामाने ती त्याचा निर्देश करी. पाकिटावरचे नाव, नंबर आणि पलटण सांगण्यापुरते ते नाव दुसऱ्याच्या तोंडून वदवावे लागे. तेव्हा तिचा उल्लेख समूहवाचक नामात दडलेला आणि त्याचा उल्लेख सर्वनामात दडलेला, अशी ही पत्रे आहेत. त्यांत शृंगार किंवा विरह शोधणाऱ्या वाचकास ती रुक्ष वाटतील. पण ते दडणे हीच येथील भावनेची भाषा आहे, हे न ओळखल्याचा तो परिणाम होय.

मायन्याचेही असेच. पत्नीला ‘सौभाग्यवती’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ असे लिहिण्याचा प्रघात होता. एरवी हे शब्द केवळ औपचारिक समजून आपण पुढे जातो. परंतु कुतच्या पाडावानंतर ज्याचा ठावठिकाणा कळत नाही अशा शिपायाच्या पत्नीला पत्र लिहिणाऱ्या माहेरच्या माणसापुढे कोणता पेच उभा राहत असेल, याचा विचार करावा. पत्राचा पहिलाच शब्द त्याला निर्णय घ्यावयास लावतो. ‘सौभाग्यवती’ लिहावे तर त्यात आशा आहे, दुसरा शब्द लिहावा तर तो निकाल आहे. मधला शब्द भाषेने दिलेला नाही. औपचारिक मायना म्हणजे भावनेचा अभाव, ही आपली समजूत येथे पार कोसळते. या काळच्या पत्रात सर्वांत जड शब्द पुष्कळदा साच्यातलाच असतो.

आता या पत्रांपैकी जतन काय झाले ते पाहू. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये हिंदी टपालावर देखरेख ठेवण्यासाठी ई. बी. हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली तपासणी कचेरी सुरू झाली. तिने निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत भाषांतरित करून आपल्या अहवालांना जोडले. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतून डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये केलेली निवड अभ्यासकांना उपलब्ध आहे. त्यांत पंजाबी शिपायांचा भरणा मोठा आहे. हिंदुस्थानातून स्त्रियांच्या नावे गेलेली पत्रेही आहेत, पण थोडी. पत्र तपासले जाते हे लिहिणारे जाणून होते. म्हणून ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे, असे स्वयंपाकघरातले संकेत त्यांनी योजले. युद्धाची बातमी घरी पोचविण्यासाठी शिपायाने चुलीजवळची भाषा उसनी घ्यावी, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

या संग्रहाचे मोल मोठे असले तरी त्याची मर्यादा मराठी वाचकाला तत्काळ जाणवावी. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा एकच शब्द होतो. ‘कुटुंब’ याचे भाषांतर ‘परिवार’ असे झाले की पत्नी त्यातून नाहीशी होते आणि ‘पत्नी’ असे झाले की तिच्याभोवतीचा आडोसा नाहीसा होतो. भाषांतर कितीही प्रामाणिक असो, या पत्रांची जी खरी रचना, ती नेमकी तेथे विरून जाते.

येथे खानदेशाकडे वळणे प्राप्त आहे. आपल्या प्रदेशाने मराठी संशोधनाला दोन भिन्न वारसे दिले आहेत. धुळ्याचा वारसा अस्सल कागदाचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर मूळ दप्तरांचा शोध घेतला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचा देह पडला आणि पुढील महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. याच नगरीत समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. कागद कोणाच्या हातचा, कोणत्या लिपीतला, कोठे सापडला, हे प्रश्न विचारावयास या परंपरेने शिकविले. जळगावचा वारसा वाणीचा आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुखातून ऐकून सोपानदेवांनी व आप्तांनी टिपून घेतली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. लेखणी दुसऱ्याची होती म्हणून ती गाणी बहिणाबाईंची नव्हेत, असे आजपर्यंत कोणी म्हटलेले नाही.

मग जो न्याय आपण कवितेला लावला तो पत्राला का लावू नये? ज्या पिढीत बहिणाबाई जात्यावर बसून गात होत्या, त्याच पिढीतील दुसरी स्त्री ओटीवर बसून मास्तरांना पत्राचा मजकूर सांगत होती. एकीच्या वाणीस आपण वाङ्मय म्हणतो आणि दुसरीच्या वाणीस मास्तरांचे अक्षर म्हणून बाजूस सारतो. ही विसंगती आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ओवीला छंद असतो. छंदामुळे शब्द सहसा बदलत नाहीत आणि टिपणाऱ्याच्या हातूनही ते बरेचसे जसेच्या तसे राहतात. पत्र गद्यात असते. सांगणारीची बोली अहिराणी किंवा लेवा पाटीदारांची. लिहिणारा तिला पुस्तकी मराठीत आणतो, पदरचे आशीर्वाद घालतो, नको ते गाळतो. ग्रियर्सनने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीचा स्वतंत्र विचार केला, यावरूनही बोली आणि लेखी भाषा यांतील अंतर ध्यानात यावे. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. बहिणाबाईंचा दाखला तत्त्वापुरता लागू आहे, तपशिलात नाही. परंतु त्यावरून निष्कर्ष निघतो तो इतकाच की, पत्रातील तिचा भाग आणि लेखनिकाचा भाग वेगळा करण्यासाठी धुळ्याची कागदाची शिस्तच कामी आणली पाहिजे.

यासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, साच्याची. मायना, क्षेमकुशल आणि ‘लोभ असावा’ हा शेवट प्रथम वेगळा काढावा. मात्र टाकून देऊ नये, कारण साचा जेथे मोडला असेल तेथे काहीतरी घडलेले असते. दुसरी, ज्ञानाची. मुलाचा दात, गाईचे वेत, उसनवार आणलेले धान्य, जाऊबाईंशी झालेली बोलाचाली असा जो तपशील लेखनिकाला स्वतः ठाऊक असण्याचे कारण नाही, तो सांगणारीचा समजावा. तिसरी, बोलीची. पुस्तकी वाक्यात एखादे क्रियारूप किंवा नातेवाचक शब्द बोलीतला राहून गेला असेल, तर त्याला लेखनिकाची चूक न मानता तिचा आवाज मानावे. लिपीही साक्ष देते. मोडी असेल तर मजकूर बहुधा सरावलेल्या पुरुषाच्या हातचा. शाळेत नव्याने शिकलेल्या मुलाचे किंवा मुलीचे अक्षर बहुधा बाळबोध. इंग्रजी भाषांतरांना यांपैकी पहिल्या दोनच कसोट्या लावता येतील. तिसरीसाठी मूळ कागदच हवा.

या पत्रांना आणखी एक कठोर संदर्भ आहे. शिपायाच्या पत्नीचे पत्र म्हणजे मरणाच्या छायेत असलेल्याला सुरक्षित स्थळाहून गेलेले पत्र, अशी आपली कल्पना असते. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत उतरली आणि इलाखाभर पसरली, तेव्हा मृत्यूची दिशा फिरली. रणांगणावरचा माणूस वाचला आणि घर ओस पडले, असे होऊ लागले. अशा वेळी पत्र न येणे हाही मजकूर ठरतो, आणि हस्ताक्षर बदलणे हाही.

तुलनेसाठी बंगालमधील एका ग्रंथाचा उल्लेख करता येईल. कुतच्या वेढ्यात सापडलेले व पुढे कैदेत मृत्यू पावलेले लष्करी डॉक्टर कॅप्टन कल्याण मुखर्जी यांची पत्रे त्यांच्या आजी मोक्षदा देवी यांनी ‘कल्याण-प्रदीप’ या ग्रंथात १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. घरात लिहिते-वाचते माणूस असले म्हणजे पत्र टिकते आणि ग्रंथ होतो. त्याच वेढ्यातल्या मराठा शिपायाच्या घरी दुःख कमी होते असे नव्हे. तेथे आजी लिहिणारी नव्हती.

शेवटी एका लहानशा चिन्हाचा निर्देश करतो. मनीऑर्डर घेतल्याची पोच पैसे पाठविणाऱ्याकडे परत जात असे आणि जिला सही येत नाही ती त्या पोचेवर अंगठा उमटवी. मास्तर, सासरा, तपासणी अधिकारी यांपैकी कोणीही त्या खुणेत फेरफार करू शकत नव्हता. या सर्व पत्रव्यवहारात तिच्या स्वतःच्या हाताचे असे तेवढेच. त्या अंगठ्याला लेखन म्हणावे की नाही, हा वाद आपण खुशाल घालावा. परंतु ज्या शिपायाला ती पोच मिळाली त्याला त्याचा अर्थ पुरता कळत होता. ती हयात आहे आणि पैसे तिच्या हाती पडले, हे त्याने त्यात वाचले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सांगावयाचे की, जुन्या घरांतील ट्रंकांत अशी कार्डे आढळली तर ‘लेखक अज्ञात’ अशी नोंद करून थांबू नये. कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणास वाचून दाखविले, अशी तीन नावे किंवा निदान तीन नाती नोंदवावीत. त्यांतील पहिल्या नात्यापुढे जे ‘कुटुंब’ असे लिहिले जाईल, ती एक स्त्री होती, हे विसरू नये.