लहान वाक्ये, मोठा वाचक

मुलासाठी पुस्तक निवडायचे म्हटले की पहिला प्रश्न वयाचा येतो. दुकानदार तो विचारतो, ग्रंथपाल विचारतात, आणि मलपृष्ठावरचा 'वयोगट ६ ते ९' असा शिक्का त्याचे उत्तर तयारच ठेवतो. मराठीत हा प्रश्न पुष्कळ काळ पुरला, कारण मुलाचे वय आणि त्याच्या मराठीचे वय एकच असे. नवी मुंबईत आता तसे उरलेले नाही. नेरूळमधल्या एका छोट्या वाचनकट्ट्यावर दर रविवारी मुलांशी पुस्तकांची देवघेव करण्याचे काम मी काही वर्षे करते आहे. त्या मुलांच्या निमित्ताने मराठी बालसाहित्यातली जुनी-नवी पुस्तके पुन्हा वाचली, आणि 'योग्य पुस्तक' या शब्दांचा आपण लावलेला अर्थ तपासून पाहावा असे वाटले.

पाचवीतली मुलगी इंग्रजीतून 'हॅरी पॉटर'चा जाडजूड भाग आठवड्याभरात संपवते. तिच्याच हातात मराठी पुस्तक दिले, की 'क्षितिज', 'उद्ध्वस्त' अशा शब्दांपाशी तिचे बोट अडते. आई म्हणते, "अहो, काहीतरी सोपं द्या हिला." सोपे म्हणजे जोडाक्षरविरहित गोष्टींचे पुस्तक, ज्यात बदक, ससा आणि आमराई यांच्यापलीकडे फारसे काही घडत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते त्याला मी अपमानच म्हणेन. मृत्यू, मत्सर, सत्ता, विश्वासघात हे सगळे एका भाषेत वाचून पचवलेल्या वाचकाला घरच्या भाषेत आल्यावर सशाकडे परत पाठवले जाते. मनाचे वय अकरा, मराठीचे वय सहा. पुस्तक यांपैकी कोणत्या वयाचे द्यायचे?

महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. पहिल्या गोष्टीने पाठ्यपुस्तक आणि गुण आले, दुसरीने अभिमान. वर विचारलेला प्रश्न जिथल्या तिथे आहे.

आणि तो एकेरी नाही. याच शहरात घणसोली, करावे, दिवाळे ही सिडकोच्या आधीची गावे आहेत, जिथल्या घरांत आगरी-कोळी बोलतात. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती आहे. तिथे सातारा, सांगलीकडची मराठी ऐकू येते. या मुलांची बोलीतली मराठी वयाला साजेशी, कधी वयाहून पुढची असते. भांडण, थट्टा, व्यवहार, मयत, लग्न, सगळे त्यांनी तिच्यात ऐकलेले असते. पण छापलेल्या पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यांसमोर बोलायची भाषा वाटते. म्हणजे एकीकडे मन पुढे आणि मराठी मागे, दुसरीकडे मराठी पुढे आणि पुस्तक मागे. 'वयोगट ६ ते ९' या शिक्क्यात दोघेही बसत नाहीत.

हा पेच जुन्यांना पडला नाही हे स्वाभाविक होते. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये इसापाच्या कथा आणि 'बाळमित्र' मराठीत आणले, विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढले. मुलाच्या कानावर काय पडावे, ही या साऱ्यांची मुख्य काळजी होती. कोणत्या वाक्यातून पडावे हे वेगळे विचारायची गरज नव्हती. त्यांचा बालवाचक मराठीत उठत होता आणि मराठीत झोपत होता. त्यामुळे बालसाहित्याची आपली समीक्षाही विषयाभोवतीच वाढली. संस्कार आहेत का, भीती नाही ना, विज्ञानदृष्टी आहे का, असे प्रश्न तिने विचारले. वाक्याची लांबी, संवादाचे प्रमाण, निवेदक मुलाशी कोणत्या पट्टीत बोलतो, याकडे तिचे लक्ष फारच थोडे गेले.

'श्यामची आई'चे उदाहरण घ्यावे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठी घरात मुलाला द्यायचे पहिले 'मोठे' पुस्तक म्हणून त्याचे स्थान पक्के आहे. पण ते कुणाला सांगितले आहे? श्याम बेचाळीस रात्री ज्यांच्यापुढे बोलतो ते त्याचे आश्रमातले सोबती आहेत. बालपण मागे टाकलेल्या, घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांना उद्देशून ती कथा आहे, आणि तिच्यातला पश्चात्ताप प्रौढाचा आहे. आई गमावल्यानंतर तिच्याशी कसे वागलो हे आठवणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. आठव्या-नवव्या वर्षी ज्याची आई शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर काम करते आहे, त्याला हा आवाज रडवू शकतो. तो पूर्ण कळेल असे मात्र नाही. मी हे पुस्तक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना देते आणि तिथे ते उत्तम लागते. आईशी भांडायला शिकलेल्या वयात श्यामचा हट्ट आणि त्याची लाज दोन्ही ओळखीची वाटतात. शिवाय त्याची वाक्येही वाटतात त्यापेक्षा सोपी आहेत. अवघड आहे ते पालगडचे शंभर वर्षांपूर्वीचे घर. तिथल्या वस्तू, व्रते, नाती. ते घर कुणीतरी मोठ्याने शेजारी बसून दाखवावे लागते.

भीतीबद्दल बोलायचे तर 'चांदोबा' आठवतो. मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये सुरू झाला. माझ्या लहानपणी कोपरखैरण्याच्या रद्दीवाल्याकडे त्याचे आणि 'किशोर'चे जुने अंक किलोवर मिळत. वडील मार्केटमधून येताना ते उचलून आणायचे. तारखेला काही अर्थ नव्हता. दोन वर्षे जुना अंकही आम्हाला ताजाच. दर अंकात तलवार उपसलेला विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला असे. शंकर या चित्रकाराचे ते चित्र ज्याने पाहिले तो विसरलेला नाही. आजच्या कुठल्याही निवड समितीने ते पाचवीच्या मुलासाठी नापास केले असते. पण त्या पानाने आम्हाला काय दिले? गोष्टीच्या शेवटी एक न्यायाचा प्रश्न, ज्यात दोन्ही बाजू खऱ्या असत. राजाचे उत्तर न वाचता आधी आपले उत्तर सांगायचे, असा आमच्या खोलीत नियम होता. त्यावरून थोरल्या भावाशी हातघाईही झालेली आहे. भाषा साधी, प्रश्न जबर. माझ्या आजच्या निवडीचे सूत्र त्या अंकांत होतेच.

भा. रा. भागवतांचे (१९१० ते २००१) मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. 'फास्टर फेणे'ची चर्चा बहुधा त्याच्या धाडसावर होते. मला त्याचे वाक्य महत्त्वाचे वाटते. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल मारतो, जिभेने 'ट्टॉक्' करतो, आणि त्याच्या कथेतले क्रियापद क्वचितच वाक्याच्या शेवटी निवांत बसते. भागवत वर्णन करत नाहीत, धावत सांगतात. घरात साताऱ्याकडची बोली असलेल्या मला पुण्याच्या वसतिगृहातली ती भाषा परकी होती. पण वेग इतका, की परकेपणा लक्षात यायला सवड मिळाली नाही. नेरूळच्या मुलांवरही तोच परिणाम होतो. दहा शब्द अडले तरी मूल थांबत नाही, कारण पुढे काय झाले ते कळायचे असते. ज्युल्स व्हर्नची त्यांनी केलेली 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही रूपांतरेही याच हाताची. मर्यादा सांगायचीच तर फेणेच्या जगात मुलींना जागा फार कमी आहे, आणि आजच्या मुली ते पहिल्या वीस पानांत ओळखतात. २०१७ च्या चित्रपटाने फेणेला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण केले. चित्रपट म्हणून ते चालले असेल; सायकलवरचा शाळकरी फेणे मात्र पुस्तकातच शोधावा लागतो.

मग त्या अकरा वर्षांच्या मुलीला काय द्यावे? बालसाहित्याच्या कपाटाबाहेर पाहावे, असे माझे म्हणणे आहे. मराठीतले काही थोर प्रौढ लेखक लहान वाक्यांचे आहेत. व्यंकटेश माडगूळकर त्यांत पहिले. 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. एका वाक्यात बहुधा एकच गोष्ट घडते. अलंकार जवळजवळ नाहीत. बोली आहे ती संवादात, म्हणजे जिथे ती कानाने समजते तिथे. विषय मात्र मुळीच लहान नाही. दुष्काळात वाडी कशी रिकामी होत जाते हे वाचून मुले गप्प होतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तले निवडक प्रसंगही असेच. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई जशी बोलते तशी लिहिते, आणि स्वतःवर हसते. स्वतःवर हसणारा निवेदक मुलांना फार लवकर आवडतो. यातले काहीही 'मुलांसाठी' म्हणून लिहिलेले नाही. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या 'वाचू आनंदे'च्या बाल आणि कुमार गटांच्या भागांनी हेच ओळखले होते. चांगल्या मराठी लेखनातले वेचे, सोबत चित्रकलेचे नमुने, आणि वाचकाला समान पातळीवर धरणारा सूर. निवड कशी करावी हे शिकायचे असेल तर पालकांनी ते भाग स्वतःसाठी घ्यावेत.

पुरंदऱ्यांची स्वतःची चित्रपुस्तके, 'यश' किंवा 'राधाचं घर', वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतात. मजकूर थोडका, पण मजकुरात नसलेले पुष्कळ काही चित्रात चाललेले असते. वाचता न येणारे मूल तिथे अडाणी ठरत नाही. त्यांचे जग बरेचसे शहरी मध्यमवर्गीय घराचे आहे, हे घणसोलीच्या मुलासमोर पुस्तक उघडले की जाणवते. ही पुस्तकांची खोट नव्हे. एकाच लेखिकेने सगळ्या घरांत जावे अशी अपेक्षा धरणाऱ्या आपल्या बालसाहित्याची आहे.

आणखी एक वाट मुलांनीच दाखवली. इंग्रजीत वाचलेले पुस्तक ती मराठीत पुन्हा मागतात. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे नाव पाहून एका मुलाने विचारले, "परीस म्हणजे काय?" त्याला गोष्ट ठाऊक होती, म्हणून उत्तर त्याचे त्यानेच शोधले. कथेचे ओझे आधीच उतरलेले असले की सगळे लक्ष भाषेवर देता येते. अनुवाद हे मूळ पुस्तकाचे दुय्यम रूप मानणाऱ्या समीक्षेला हा उपयोग दिसत नाही. भारतीय भाषांतून आलेले अनुवादही असेच कामी येतात. सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत मिळतो, आणि रहस्यकथेत वाक्य लहान ठेवणे लेखकालाही भाग असते.

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टींना वयाऐवजी वाचनाचे स्तर दिलेले असतात. वयोगटापेक्षा हे बरे. पण तिथेही स्तर चढत गेला की विषय आणि भाषा बहुधा हातात हात घालूनच वाढतात. मला हवा आहे तो उलटा मेळ, विषय चौथ्या स्तराचा आणि वाक्य दुसऱ्या स्तराचे. असे लेखन प्रकाशकांनी मागवले तर लिहिणारे मिळतील, कारण आपल्याकडे माडगूळकरांची वाट आहेच.

माडगूळकरांच्या 'सत्तांतर'वरून (१९८२) आमच्या कट्ट्यावर वाद झाला. वानरांच्या टोळीची सत्ता बदलते तेव्हा पिल्लांचे काय होते हे लेखक लपवत नाही. एका वडिलांनी पुस्तक परत आणले. "ताई, हे मुलांचं नाही," म्हणाले. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा, रोज मोबाइलवर निशाणेबाजी खेळणारा. मी पुस्तक ठेवून घेतले. पुढच्या रविवारी मुलाने ते माझ्याकडून पुन्हा नेले, या वेळी वडिलांसमोर. तेही काही बोलले नाहीत. मी त्यांना 'बनगरवाडी' दिली.

राहिला घणसोलीचा सहावीतला मुलगा. खाडीत जाळे कसे टाकतात हे तो आगरीत इतके नेमके सांगतो की बाकीची मुले पुस्तके मिटून ऐकत बसतात. आमच्या पेटीत चारशेच्या वर पुस्तके आहेत. तो जसे बोलतो तसे बोलणारे, खाडीकाठच्या मुलाचे एकही नाही. सध्या तो सांगतो आणि नेरूळची ती पाचवीतली मुलगी ते वहीत उतरवून घेते. जोडाक्षरापाशी अडली की त्याला विचारते, आणि तो 'तसंच लिव्ह' म्हणतो.